उंबऱ्याच्या अलीकडे

ढग यायचे दिवस नव्हते, तरी आले. समुद्राच्या अंगाला काळपट रेघ दिसायला लागली आणि मिठागरावरच्या सगळ्या माणसांनी एकदम माना वर केल्या. वाफ्यांत मीठ धरलं होतं. आणखी थोडे दिवस कडक ऊन मिळालं असतं तर हंगाम हाती लागला असता. पाऊस आला तर पांढऱ्याचं पुन्हा पाणी.

"ओढा, ओढा!" मुकादम बांधावरून ओरडत होता. "ढगाला तुमच्यासारखी विडीची सवय नाही. तो वाटेत थांबायचा नाही."

लांबू दाताळं ओढत होता. अंगानं ताडमाड, म्हणून सगळे त्याला लांबूच म्हणत. त्याच्यामागं त्याची बायको पाट्या भरत होती. तिचे दिवस भरत आले होते. वाकलं की पोट आडवं येई, म्हणून ती चिखलातच फतकल मारून बसे, हातानं मीठ ओढून पाटीत भरे, आणि मग लांबू पाटी उचलून तिच्या डोक्यावर देई. दोघांच्या टाचांना मिठानं चिरा पडल्या होत्या. संध्याकाळी ती दोघं पाय धूत तेव्हा बोलत नसत. दात आवळून बोलता येत नाही.

ही माणसं डोंगरापलीकडून हंगामापुरती आलेली. बांधाच्या टोकाला त्यांचं खोपटं होतं. आपसात ती वेगळंच काही बोलत. लांबूला इथली भाषा चांगली येई, बायकोला कामापुरती, आणि खोपट्यात भिंतीकडं तोंड करून पडलेल्या त्याच्या आईला अजिबात नाही.

आरोग्यकेंद्राच्या नर्सबाई सुनेला तपासायला म्हणून पहिल्यांदा आल्या. पन्नाशी उलटलेल्या, स्कूटर बांधाच्या अलीकडं लावून पिशवी सावरत चालत आल्या. केंद्राच्या मागं एका खोलीत त्या एकट्या राहत. नवरा नाही, मूल नाही. का नाही, हे विचारणारी माणसंसुद्धा आता विचारायची थांबली होती.

सुनेच्या पोटावरून हात फिरवत त्या बाळाचं डोकं चाचपत होत्या, तेवढ्यात त्यांना वास आला. चिखलाचा नव्हता. असा वास त्यांनी वॉर्डात पुष्कळदा घेतला होता.

"आत कोण आहे?"

"आई," लांबू म्हणाला. "तिला छातीत काहीतरी आहे. दाखवत नाही."

बाई आत गेल्या. वॉर्डात वर्षानुवर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. लांबूला म्हणाल्या, दारातला पडदा वर धर, उजेड येऊ दे. म्हातारीला हळूच उताणी केली, गाठ सोडली, कापड बाजूला केलं. डावी छाती फुटून तिथं फुलकोबीसारखं मांस वर आलं होतं. लांबूच्या हातातून पडदा सुटला. आणि म्हातारीनं होता नव्हता तेवढा जीव गोळा करून बाईंच्या तोंडात मारली.

हातात जोर नव्हता. पण लागायचं तिथं लागलं.

बाईंनी सांगितलं म्हणून लांबूनं आईला मिठाच्या ट्रकमधून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय, आता घरीच असू दे, दुखलं तर औषध द्या. परत आला तेव्हा मुकादम म्हणाला, "आला का फिरून? वाफे काय तुझ्या बापानं ओढले?" लांबूनं मान खाली घातली आणि दाताळं उचललं. त्याचा बाप मेल्याला बरीच वर्षं झाली होती.

बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हातारीनं अन्न सोडलं होतं. बाईंची चाहूल लागताच तिनं दोन्ही हातांनी छातीवरचं कापड आवळून धरलं. औषध पुढं केलं तर तोंड मिटून घेतलं.

"अशानं कसं होणार?" बाई बाहेर येऊन म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता.

सून पाटी भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "बाई, तुम्ही तिला तिच्या मुलापुढं उघडी केली."

बाईंनी हातातलं औषध पिशवीत टाकलं.

"आमच्यात मुलगा मोठा झाला की आईचं डोकंपण उघडं बघत नाही. ती म्हणते, दुखतं ते सोसलं असतं. हे नाही सोसत." तिनं मुठीत मीठ घेतलं, पाटीत टाकलं. "ती तुम्हाला वाईट नाही म्हणत. स्वतःलाच म्हणते."

त्या दिवशी बाई तशाच परतल्या.

दुसऱ्या दिवशी गडीमाणसं वाफ्यांवर असताना त्या आल्या. चपला बाहेर काढल्या. आत जाऊन म्हातारीपासून हातभर लांब जमिनीवर बसल्या. पिशवीतून उकळून आणलेलं पाणी काढलं, कापूस काढला, धुतलेल्या कापडाच्या घड्या काढल्या आणि सगळं तिच्याकडं सरकवलं. मग स्वतःच्या पोलक्यावर, डाव्या बाजूला, कापूस कसा फिरवायचा, घडी कशी ठेवायची ते करून दाखवलं. आणि पाठ फिरवून भिंतीकडं बघत बसल्या.

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर दाताळ्यांचा खरखर आवाज येत होता. मग पाण्याचा आवाज आला, मग तोंड दाबून कण्हल्याचा. बाईंची मान वळायला आली होती. त्यांनी ती वळू दिली नाही.

असं काही दिवस चाललं. म्हातारी पुढचं स्वतः धुई. एके दिवशी तिनं बाईंच्या पाठीला बोट लावलं. काखेमागं तिचा हात पोचत नव्हता. बाईंनी आपला पंजा तिच्यापुढं धरला, करू का, असं भुवयांनीच विचारलं आणि थांबल्या. म्हातारीनं तो पंजा धरून आपल्या पाठीवर नेऊन ठेवला. डोक्यावरचं फडकं मात्र तिनं कधी काढू दिलं नाही. औषध घ्यायला लागली. पेज घ्यायला लागली.

इकडं ढग काही हटेनात. मुकादमानं सगळ्यांना पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जुंपलं. सुनेची कंबर धरायला लागली होती. अशात एके दिवशी बाई आल्या तर खोपट्याच्या दाराशी लांबू आणि मुकादम बोलत होते.

"मिठाच्या गोदामात आजारी माणूस?" मुकादमानं नाकाला रुमाल लावला होता. "उद्या व्यापारी म्हणेल मिठाला वास येतो, आणि सगळा माल माझ्या डोक्यावर ओतेल. वेडबीड लागलंय का तुला?"

गोदामात आईपुरता कोपरा मागितला होता, असं तो गेल्यावर लांबूनं बाईंना सांगितलं. आईनं कालपासून धोशा लावला होता. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला एक दार चालत नाही. मूल या घरात यायचंय, तर मला बाहेर काढा, कुठंही टाका.

"सुनेला इस्पितळात नेऊ," बाई म्हणाल्या. "बाळंतपण तिथं होईल. पहिलटकरीण आहे, मी तर तेच म्हणेन."

सुनेनं मान हलवली. "पहिलं मूल नवऱ्याच्या घरी. आणि तिथं आडवं झोपवतात. माझ्या बहिणीला झोपवलं होतं. ती ओरडली तर म्हणाले, ओरडू नको."

तसं म्हणणाऱ्यांत कधीकाळी बाईही होत्या. मग त्यांच्या तोंडून, ठरवायच्या आधीच, निघून गेलं, "मग आजींना माझ्याकडं येऊ दे."

लांबूनं आईला सांगितलं. आतून क्षीण आवाजात प्रश्न आला. लांबू म्हणाला, "ती विचारते, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही."

आतून पुन्हा काही आलं. लांबू जरा घुटमळला. "ती विचारते, त्या खोलीत कुणी जन्मलंय का? कुणी गेलंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तिथं कुणीच काही केलेलं नाही."

म्हातारी तयार झाली.

बाईंनी तिच्यासाठी खाट मोकळी केली होती. म्हातारीनं खाटेकडं असं पाहिलं, की जणू कुणी तिला झाडावर चढायला सांगतंय. ती जमिनीवर भिंतीशी निजली. बाई पहिला दिवस खाटेवर झोपल्या, पण खाली एक माणूस आणि वर आपण, हे काही त्यांना बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनीही गादी खाली ओढली.

बाईंना भांड्यांशी बोलायची सवय होती. एकट्या माणसाला लागते. दूध उतू जायला लागलं की त्या म्हणत, "थांब ना बाबा, आले ना." झाकण पडलं की, "तुला काय झालं आता?" म्हातारी पडल्या पडल्या ऐके. एकदा बाईंनी पातेल्याला दटावलं तेव्हा मागून कसलासा आवाज आला. वळून पाहिलं तर म्हातारी हसत होती. तोंडात पुढं एकच दात. हसताना छाती दुखे म्हणून एका हातानं कापड दाबून हसत होती. बाईंनी मुद्दाम पातेल्याला आणखी चार शब्द सुनावले.

पाणी, दुखतंय, बाहेर, पुरे. एवढे शब्द बाई तिच्या बोलीतले शिकल्या. झाडायचं कसं यावरून म्हातारी हातवारे करून त्यांच्या चुका काढी. बाई केंद्रातून सुटून खोलीकडं येत तेव्हा आता किल्ली शोधावी लागत नसे. दार नुसतं लोटलेलं असे. ढकललं की आतून हूं असा आवाज येई. एवढ्यासाठी बाई दुपारपासून घड्याळाकडं बघायला लागल्या होत्या. आणि म्हातारीचे हात रोज अधिक बारीक होत होते, हेही त्याच बघत होत्या.

पाऊस दुपारी आला. आधी वारा, मग टपोरे थेंब, मग काही दिसेनासं झालं. थोड्या वेळानं लांबू चिखलानं माखून दारात उभा राहिला. धापेमुळं त्याला बोलता येत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. बाईंनी गाडीसाठी फोन लावला. मिठागराचा रस्ता गेलाय, गाडी रुतेल, असं तिकडून उत्तर आलं.

बाईंनी म्हातारीकडं पाहिलं. त्या दिवशी सकाळपासून तिचा श्वास वरवर चालला होता. तिला असं टाकून जायचं बाईंच्या जिवावर आलं. म्हातारी लांबूच्या तोंडाकडं बघून काय ते समजली. तिनं उशाशी पडलेली बाईंची पिशवी हातानं ढकलली. ती जेमतेम वीतभर सरकली. पुन्हा ढकलली.

बाईंनी पाणी तिच्या हाताशी ठेवलं आणि पदर खोचला.

खोपट्याचं छप्पर गळत होतं. सुनेनं आढ्याला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरला होता आणि ती उकिडवी बसली होती. बाईंना पाहून म्हणाली, "मी झोपणार नाही."

"कोण सांगतंय झोपायला?" बाई म्हणाल्या. "अशीच बस. मी येते तुझ्यापाशी." आणि त्या चिखलात गुडघ्यांवर बसल्या.

बाहेर मुकादम ओरडत होता, माणसं ढिगांवर ताडपत्र्या ओढत होती, वारा त्या फेकून देत होता. लांबूला मुकादमानं दाराशीच गाठून नेलं होतं. आत सून ओरडत होती आणि बाई तिला ओरडू देत होत्या. "ओरड. इथं तुझाच आवाज मोठा पाहिजे." डोकं दिसलं, अडलं, पुन्हा दिसलं. सुनेनं दोराला असा हिसडा दिला की आढं करकरलं, आणि मूल बाईंच्या हातात आलं. मुलगी. हलकी, निळसर, गप्प. बाईंनी तोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग ती रडली. फार मोठ्यानं नाही. पावसात दोघींनाच ऐकू येईल एवढंच.

अंधार पडायला आला तेव्हा बाई परतल्या. वाटेत दोन्हीकडं वाफे दुधाळ पाण्यानं भरले होते. मीठ कुठंच नव्हतं.

म्हातारी जागी होती. बाईंनी ओल्या कपड्यांनिशीच तिच्यापाशी बसून हातांनी बाळ करून दाखवलं, एवढंसं. मग स्वतःकडं बोट केलं, तिच्याकडं केलं: आपल्यातलीच, बाईमाणूस. म्हातारीनं डोळे मिटले, उघडले. मग ती एक वाक्य बोलली. बाईंना त्यातला एकही शब्द ओळखू आला नाही. म्हातारी थांबली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली, सावकाश, प्रश्न विचारावा तसं.

"हो," बाई म्हणाल्या. "हो, हो."

सकाळी त्या पाणी तापत ठेवून वळल्या, तोवर ती गेली होती.

लांबू आला. आईच्या पायाशी बसला. डोक्यावरचं फडकं नीट आहे ना, तेवढं पाहून त्यानं डोळे वळवले. मग म्हणाला, "धुवायला घरची बाई लागते. परक्या हाताला ती फार भ्यायची. इस्पितळात गेलो होतो तेव्हा मला सारखी सांगत होती, मला इथं मरू देऊ नको, कुणीतरी अनोळखी धुवेल."

"सून तर बाळंतीण."

"हो." तो जमीन खरवडत होता. "ज्या बाईच्या छपराखाली गेली, तिनं धुतलं तर चालतं. ती मग घरचीच होते." थांबून म्हणाला, "पण जिनं मेलेल्याला धुतलं, तिनं नव्या जिवाला हात लावायचा नाही. घरच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही. चंद्र जाऊन नवा येईपर्यंत. मीही नाही जाणार आता, मी तिला उचलणार ना."

बाईंना हलकी, निळसर मुलगी आठवली. तिचं वजन करायला हवं होतं, नाळ बघायला हवी होती, दूध ओढते की नाही ते बघायला हवं होतं.

"परक्या राहिलात तर तुम्हाला घरात येता येईल," लांबू म्हणाला. "नाही धुतलं तरी मी काही बोलणार नाही. तशीच नेईन."

बाईंनी शेगडीवरचं पाणी उतरवलं. "तू बाहेर थांब," त्या म्हणाल्या.

दार लावून घेतलं. म्हातारीला धुताना त्यांनी एका वेळी एकच भाग उघडा केला, धुतला, झाकला, मग दुसरा. आता विचारायला कुणी नव्हतं, तरी दर वेळी क्षणभर थांबल्या. डोक्याचं फडकं सर्वांत शेवटी, डोळे मिटून बदललं. आत केस होते, की नव्हते, हे त्यांनी पाहिलं नाही. बोटांना कळलं तेवढंच.

त्यानंतर बाई रोज मिठागरावर जात आणि उंबऱ्याच्या अलीकडे बसत. उंबरा म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून दारात आडवी ठोकलेली फळी. लांबू ताडपत्रीखाली झोपे. त्यानं रांधून आणलेलं जेवण फळीवरून आत सरकवलं जाई. आत सून आणि मुलगी, दोघीच.

"उजेडात धर. नाकाचा शेंडा अंगठ्यानं दाब, सोड. पिवळं दिसतं का?"

"थोडं."

"सकाळच्या कोवळ्या उन्हात दाराशी घेऊन बस. मी सरकते. ओढते का?"

"दोनदा ओढते, झोपते."

मग बाई स्वतःच्या अंगावर हात ठेवून दूध कसं काढायचं ते दाखवत, वाटी कशी धरायची, गालाच्या आतल्या बाजूनं थेंब कसा सोडायचा. सुनेचं चुके. दूध हनुवटीवरून ओघळे. बाईंचे हात आपोआप पुढं होत आणि फळीशी थांबत.

एकदा त्या पोचल्या तर सून दारातच उभी होती. मूल हातावर लोंबल्यासारखं. "उठत नाही. बाई, उठत नाही ही."

बाई उठल्या. एक पाऊल फळीवर पडलंसुद्धा.

"या," सून रडत म्हणाली. "या आत. मी कुणाला सांगणार नाही."

"तळपायाला टिचकी मार," बाई म्हणाल्या. "जोरात. घाबरू नको. आणखी जोरात! अंगावरचं फडकं काढ, वारा लागू दे. मार."

सुनेनं मारली. पुन्हा मारली. मुलीनं पाय आखडला, तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं. सून मटकन खाली बसली. बाईंनी फळीवरचा पाय मागं घेतला. मुलगी रडली नसती तर बाई आत गेल्या असत्या, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्याबद्दल पुढं कुणी बोललं नाही.

परतताना बाईंनी बांधावर लांबूला गाठलं. म्हातारीचं ते शेवटचं वाक्य जसं कानात राहिलं होतं तसं त्यांनी म्हणून दाखवलं. लांबूनं कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा म्हणायला सांगितलं. बाईंनी पुन्हा म्हटलं, थोडं वेगळं.

"असं काही नाही आमच्यात," तो म्हणाला. "तुम्ही विसरलात."

वाफे आता पुन्हा भरून मीठ धरायला हंगाम उरला नव्हता. मुकादमानं मजुरांना परत पाठवायचं ठरवलं. चंद्र अजून जुनाच होता.

ट्रक केंद्रासमोर थांबला. लांबू पुढं, ड्रायव्हरशेजारी. सून मागं गाठोड्यांत बसली होती. बाई रस्त्यावर आल्या. सून फळकुट धरून उभी राहिली आणि तिनं मुलीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. गाल भरले होते. कातडी स्वच्छ होती. मुलीनं उन्हानं डोळे बारीक केले आणि एक हात बाहेर काढला, बोटं पसरलेली.

"दिवसातून किती वेळा ओलं करते?" बाईंनी विचारलं.

"मोजत नाही. सारखंच." सून हसली. मग हसू राहिलं नाही. तिनं मुलीला थोडं पुढं धरलं. अंतर हातभरच होतं.

"डोकं झाक तिचं," बाई म्हणाल्या. "गाडी सुटली की वारा लागेल."

सुनेनं डोकं झाकलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ट्रक हलला, वळणावर कलला आणि दिसेनासा झाला.

केंद्राच्या पायरीवर एक माणूस खोकत बसला होता. "बाई, आलात का?" त्यानं हाक मारली. बाईंनी पाठीमागं धरलेले हात सोडले. एका हातानं दुसरं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की बोटांचे वळ उठले होते.